पश्चिमेची भिंत आणि वरचा स्लॅब: विदर्भात नवं घर बांधताना उष्णतेचा हिशोब

गावात कोणी घराचं काम काढलं की भिंतीवरून चर्चा सुरू होते. मिस्त्री म्हणतो, लाल वीटच घ्या. ठेकेदार म्हणतो, राखेची वीट स्वस्त पडते आणि आकारालाही सारखी असते. नागपुरात नोकरीला असलेला भाचा म्हणतो, "मामाजी, ते हलके, बुडबुड्यांचे एएसी ब्लॉक घ्या, घर थंड राहील." आणि ओट्यावर बसलेले म्हातारबा सांगतात, "मातीच्या घरासारखं थंड काहीच रायत नाही, भाऊ." चौघांच्याही बोलण्यात खरं आहे, पण अर्धं. घरात उष्णता कोणत्या बाजूने शिरते आणि किती वाजता शिरते, हे यातला कोणीच विचारत नाही. ते आधी कळलं तर वीट की ब्लॉक हा निर्णय बराच सोपा होतो. मुख्य म्हणजे उष्णतारोधाचा पैसा चारही भिंतींवर सारखा वाटून वाया जात नाही.

सुरुवात सूर्यापासून करू. आपला विदर्भ साधारण १९ ते २१.५ उत्तर अक्षांशांत येतो. नागपूर, अमरावती, अकोला २१ च्या आसपास. त्यामुळे मे महिन्याच्या शेवटी, म्हणजे ऐन नवतपात, दुपारी बाराच्या सुमारास सूर्य जवळपास बरोबर डोक्यावर असतो. जूनमध्ये तर तो किंचित उत्तरेकडे झुकतो. दक्षिणेची भिंत सगळ्यात जास्त तापते असं अनेक जण धरून चालतात, पण उन्हाळ्यात तसं होत नाही. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीवर थेट ऊन जवळजवळ पडतच नाही. तिच्यावर ऊन पडतं ते पौष-माघात, आणि तेव्हा ते आपल्याला हवंच असतं.

मे महिन्यात मार खातात त्या तीन जागा. पहिली जागा स्लॅबची, कारण तो सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत उन्हात असतो. दुसरी पश्चिमेची भिंत. तिच्यावर ऊन येतं दुपारी दोननंतर, म्हणजे बाहेरची हवाच ४४-४५ अंशांवर गेलेली असते तेव्हा. तिसरी पूर्वेची भिंत. ऊन तिच्यावरही तेवढंच पडतं, पण रात्रभर निवल्यानंतर सकाळी पडतं, म्हणून तिचा त्रास कमी. उत्तर-दक्षिणेच्या भिंतींवर उन्हाळ्याच्या नावाने खर्च करण्याची गरज सहसा नसते.

छत टिनाचं ठेवणार असाल तर भिंतींच्या उष्णतारोधाचा विचार तूर्त बाजूला ठेवा. दुपारी टिन साठ अंशांच्या वर तापतं आणि त्याची सगळी धग थेट खाली खाटेवर उतरते. अशा घराला आठ इंची ब्लॉकच्या भिंती असल्या तरी दुपारी आत बसवत नाही. आधी टिनाखाली आतलं दुसरं छत हवं आणि दोन्हींच्या मधली गरम हवा निघून जायला दोन्ही टोकांना झरोके हवेत. मधल्या पोकळीत चकचकीत फॉइलची शीट लावली तर तीही चांगलं काम करते, फक्त तिच्या चकचकीत बाजूला हवेची पोकळी राहिली पाहिजे. टिनाला चिकटवून टाकली तर तिचा बहुतेक गुण जातो.

अडवणारी भिंत आणि साठवणारी भिंत

भिंत उष्णतेशी दोन प्रकारे वागते. एक, ती उष्णता अडवते. दोन, ती उष्णता पोटात साठवून उशिराने पुढे देते. बाजारात या दोन्ही गोष्टींना एकच "थंड" हा शब्द लावतात आणि सगळा गोंधळ तिथून सुरू होतो.

म्हातारबांचं मातीचं घर थंड होतं ते साठवण्यामुळे. दीड-दोन फूट जाडीच्या भिंतीतून दुपारची उष्णता आतल्या बाजूला पोचायला बारा तास किंवा त्याहूनही जास्त वेळ लागतो. तोवर पहाट झालेली असते आणि बाहेरची हवा निवलेली असते. वर कवेलू, त्याखाली माळा, म्हणजे छतातही हवेचा थर आलाच. सेवाग्रामची बापू कुटी आजही उभी आहे. जाड मातीच्या भिंती, कवेलूचं उतरतं छप्पर आणि भोवती सावली, एवढंच तिचं साहित्य. मात्र मातीचा हा गुण तिच्या जाडीत आहे. पऱ्हाट्या-तुराट्यांच्या कुडाला लिंपलेली तीन-चार इंचांची माती तसं काम करू शकत नाही. त्या घरात दुपारी सुसह्य वाटतं ते बहुधा वरच्या छपरामुळे आणि भोवतीच्या झाडांमुळे.

आता आपली नेहमीची नऊ इंची विटांची भिंत घ्या. तिच्यातून उष्णता आत पोचायला साधारण सहा ते आठ तास लागतात. दुपारी तीन-चारचं ऊन बाहेरून आपटलं की ते आत उतरतं रात्री दहा-अकराला, म्हणजे नेमकं आपण झोपायला येतो तेव्हा. मे महिन्यात रात्रीचं जेवण झाल्यावर पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात लावून पाहा आणि मग तोच हात उत्तरेच्या भिंतीला लावा. एक अंगाला ऊब देत असते, दुसरी साधी कोमट लागते. वीट तीच, सिमेंट तेच, मिस्त्रीही तोच, फरक फक्त दिशेचा. नऊ इंची भिंत माती-भिंतीइतकी जाड नाही की उष्णता पहाटेपर्यंत धरून ठेवील, आणि तिच्यात अडवण्याची ताकदही फारशी नाही. पश्चिमेला ती दोन्हीकडून कमी पडते.

थोडे आकडे

अडवण्याची ताकद मोजायला यू-व्हॅल्यू वापरतात. एक चौरस मीटर भिंतीच्या आत-बाहेर एका अंशाचा फरक असेल तर तिच्यातून किती वॅट उष्णता जाते, तो हा आकडा. जितका कमी तितकी भिंत चांगली. दोन्ही बाजूंचं प्लास्टर धरून ढोबळ आकडे असे येतात: साडेचार इंची विटांची भिंत (आपल्याकडे हिला चार इंची म्हणतात) २.८ च्या आसपास, नऊ इंची २, चार इंची एएसी ब्लॉक सव्वा, सहा इंची ब्लॉक ०.९, आठ इंची ०.७. आणि साडेचार इंचांच्या दोन भिंती, मध्ये दोन इंच थर्माकोल अशी दुहेरी भिंत केली तर ०.५ च्या आसपास.

हे आकडे एका खोलीवर लावून पाहू. पश्चिमेची भिंत १२ फूट लांब, १० फूट उंच, म्हणजे साधारण ११ चौरस मीटर. मे महिन्यात चार वाजता हवा ४५ अंश असली तरी ऊन पडलेल्या रंगीत भिंतीवर परिणाम ६२-६३ अंशांच्या हवेसारखा होतो. आतला पारा ३५ धरला तर फरक २८ अंशांचा. आता गुणाकार करा: ११ गुणिले २८, म्हणजे ३०८, गुणिले यू-व्हॅल्यू. नऊ इंची विटेतून सहाशे वॅटच्या वर, आठ इंची एएसीतून सव्वादोनशेच्या आसपास, थर्माकोल भरलेल्या दुहेरी भिंतीतून दीडशेच्या थोडं वर. प्रत्यक्षात भिंत आधी तापते, मग देते, म्हणून हा आकडा तासातासाला बदलतो. पण कोणती भिंत कोणाच्या किती पुढे आहे, ते यातून दिसतं. सहाशे वॅट म्हणजे खोलीत एक लहान शेगडी चालू ठेवण्यासारखं आहे, आणि ही फक्त एका भिंतीची गोष्ट झाली.

या यादीत राखेची वीट वेगळी सांगितली नाही, कारण उष्णतेच्या बाबतीत ती लाल विटेच्या जवळपास सारखीच आहे. कोराडी, खापरखेडा, मौदा, तिरोडा, चंद्रपूर अशी औष्णिक केंद्रं आपल्याच भागात असल्यामुळे राखेच्या विटा इथे सहज मिळतात. त्या जरूर घ्याव्यात. आकार एकसारखा असतो, प्लास्टर कमी लागतं आणि भट्टीसाठी वावराची वरची कसदार माती खरवडली जात नाही. ही कारणं पुरेशी आहेत. "राखेच्या विटेने घर थंड राहते" असं विकणारा म्हणत असेल, तर तेवढ्यासाठी पैसे मोजू नका.

एएसी ब्लॉक: चांगला, पण काळ्या मातीत सांभाळून

ऑटोक्लेव्ह्ड एरेटेड काँक्रीट, म्हणजे एएसी, यातही राखच असते. तिच्यात चुना, सिमेंट आणि थोडी ॲल्युमिनियमची पूड मिसळतात. मिश्रण फुगतं, त्यात बारीक बुडबुडे राहतात आणि मग दाबाच्या वाफेत ते शिजवतात. अडवण्याचं काम हे बुडबुडेच करतात. ब्लॉक विटेच्या तुलनेत वजनाला साधारण तिसरा हिस्सा. कोरडा तुकडा पाण्याच्या टाक्यात टाका, तरंगतो. "हलका ब्लॉक" म्हणून साधा सिमेंटचा ब्लॉक गळ्यात मारायला कोणी निघाला तर ही परीक्षा तिथल्या तिथे करता येते. बिलावर आयएस २१८५ भाग ३ हे मानक लिहून मागा.

आता अडचणी, कारण मला वाटतं गावातल्या घरासाठी त्या नीट सांगितल्या जात नाहीत. पहिली अडचण जमिनीची. वऱ्हाडातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हातभर भेगा पाडते. पाया तिच्यासोबत हलला तर विटेच्या भिंतीला तडा जातो, आणि एएसी तर अधिक ठिसूळ आहे. म्हणून काळ्या मातीवर एएसी वापरायचा तर कॉलम-बीमचा सांगाडा आणि सलग प्लिंथ बीम हवाच. पाया काळ्या थराखाली मुरमापर्यंत नेलेला असावा. थर फारच खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइलबद्दल (तळाशी फुगवटा असलेल्या, जमिनीत खोल नेलेल्या काँक्रीटच्या खांबांबद्दल) इंजिनिअरशी बोला. भार थेट भिंतीवर घेणारं, कॉलम नसलेलं छोटं घर असेल तर एएसीचा हट्ट धरू नका.

दुसरी अडचण पाण्याची. ब्लॉक पाणी पितो, आणि ओला झाला की त्याची अडवण्याची ताकद घटते. नैर्ऋत्येच्या पावसाची झड पश्चिमेच्याच भिंतीवर बसते, म्हणजे ऊन आणि पाऊस दोन्ही तिच्याच वाट्याला. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे पाऊस बुलढाणा-अकोल्याच्या जवळपास दुप्पट, तिथे तर बाहेरचं प्लास्टर आणि रंग चोख हवा, छज्जा पुढे काढलेला हवा आणि जमिनीलगतचे दोन थर विटेचे हवेत.

तिसरी अडचण हाताची. विटेसारखा ब्लॉक रात्रभर पाण्यात भिजवायचा नसतो, नुसता ओला हात फिरवायचा. सांधा जाड मसाल्याचा नसतो, तीन मिलिमीटरच्या चिकट मसाल्याचा असतो. कॉलम आणि ब्लॉक जिथे भेटतात तिथे प्लास्टरआधी कोंबडीजाळी किंवा फायबरची जाळी ठोकावी लागते, नाहीतर वर्षभरात तिथे सरळ उभी भेग दिसते. तुमच्या मिस्त्रीने आधी ब्लॉकचं काम केलं आहे का, हे भाव विचारण्याआधी विचारा. ब्लॉकच्या भिंतीवर कूलरचा स्टँड किंवा वजनदार रॅक साध्या खिळ्याने टिकत नाही. त्या जागा आधीच ठरवून तिथे विटेचं किंवा काँक्रीटचं काम करून घेतलेलं बरं.

विटेतच राहून काय करता येतं

माझं मत विचाराल तर गावातल्या बहुतेक घरांना चारही भिंती ब्लॉकच्या करण्याची गरज नाही. तीन भिंती नेहमीच्या विटेच्या आणि पश्चिमेची तेवढी दुहेरी, हा सर्वांत शहाणपणाचा खर्च आहे. साडेचार इंचांच्या दोन भिंती, मध्ये दोन इंचांची पोकळी. पोकळी रिकामी ठेवली तरी यू-व्हॅल्यू दीडच्या आसपास येते, दोन इंच थर्माकोल भरला तर ०.५ वर. दोन्ही भिंती लोखंडी पट्ट्यांनी एकमेकींना जागोजागी बांधलेल्या हव्यात, नाहीतर त्या दोन वेगळ्या, लवकर हलणाऱ्या भिंती होतात. गणपतीच्या मखराचा भुसभुशीत थर्माकोल इथे चालत नाही. घनमीटरला २० किलोच्या वरचा, दाट दाण्यांचा घ्या. तो चारही बाजूंनी बंद राहिला पाहिजे, कारण उघडा राहिला तर उंदीर-मुंग्या पोखरतात, आणि जळाला तर त्याचा धूर विषारी असतो. चुलीच्या किंवा मीटरच्या बोर्डाच्या मागच्या भिंतीत तो घालूच नका.

लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेली रॅट-ट्रॅप बांधणी हाही चांगला मार्ग आहे. वीट आडवी न ठेवता कडेवर उभी करायची. भिंत नऊ इंचांचीच राहते, पण तिच्या पोटात तीन इंचांचे बंद कप्पे तयार होतात. विटा सुमारे पाव हिश्शाने वाचतात, मसालाही कमी लागतो. अडचण एकच, वीट एकाच मापाची हवी. गावच्या भट्टीची वाकडीतिकडी वीट यात बसत नाही. इथे राखेच्या विटेचा सारखा आकार खरा कामाला येतो. दरवाजा-खिडकीच्या कडा आणि तळाचा थर भरीव ठेवायचा असतो, हे मिस्त्रीला आधी दाखवून द्या.

कूलर की एसी

बाहेरगावच्या सल्ल्याने घर बांधणारे बहुतेक इथे चुकतात. थंड देशांत घर हवाबंद करून आतून उष्णतारोधक लावतात. आपल्याकडे घर थंड होतं ते कूलरने, आणि कूलरला कोंडलेली खोली चालत नाही. वाळ्याच्या किंवा गवताच्या ताटीतून तो जेवढी हवा आत ढकलतो, तेवढी दुसऱ्या बाजूने निघून गेली पाहिजे, नाहीतर खोलीत दमट कोंदण होते. म्हणून कूलरच्या समोरच्या बाजूला झरोका किंवा खिडकी ठेवा. शक्यतो कूलर उत्तरेला आणि निकास दक्षिणेला.

उष्णतारोधक थर भिंतीच्या आत की बाहेर, हेही यावरच ठरतं. रात्रभर कूलर चालणार असेल, पहाटे खिडक्या उघडणार असाल, तर उष्णतारोधक बाहेरच्या अंगाला आणि भरीव वीट आतल्या अंगाला हवी. आतली वीट पहाटेचा गारवा धरते आणि तो दुपारी परत देते. एसी असलेली, दिवसातले दोन-तीन तासच वापरायची खोली असेल तर थर आतून लावला तरी चालतो, कारण मग एसीला आधी सगळी वीट थंड करत बसावं लागत नाही. ऐन नवतपात रात्रीचा पारा ३० च्या खाली उतरायला तयार नसतो, तेव्हा कोणतीही भिंत एकटी पुरी पडत नाही. पण मार्च, एप्रिल आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात रात्री बऱ्यापैकी निवतात, आणि चांगल्या भिंतीचा लाभ सर्वांत जास्त त्याच दिवसांत होतो.

स्लॅबचा हिशोब याहून सोपा आहे. पाच इंची उघड्या स्लॅबची यू-व्हॅल्यू तीनच्या वर, म्हणजे नऊ इंची भिंतीपेक्षाही वाईट. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये आणलेल्या इको निवास संहितेत छतासाठी १.२ ही मर्यादा आहे. ही संहिता मोठ्या भूखंडांवरच्या इमारतींसाठी आहे, तुमच्या घराला ती लागू नाही, पण लक्ष्य म्हणून आकडा चांगला आहे. विटांच्या तुकड्यांचा कोबा टाकला तर थोडा फरक पडतो, पण दोनच्या खाली सहसा येत नाही. कोब्याखाली एक इंच एक्सपीएस शीट (थर्माकोलच्याच जातीची, पण दाट आणि कडक) टाकली तर एकच्याही खाली येतो. पैसे नसतील तर दर मार्चमध्ये गच्चीवर चुन्याचे दोन हात मारा. हा उपाय जवळजवळ फुकटात पडतो.

पांढऱ्या रंगाची किंमत भिंतीलाही कळते. गडद रंगाची भिंत पडलेल्या उन्हातलं सत्तर-पंचाहत्तर टक्के पिऊन घेते, पांढरी तीस टक्क्यांच्या आसपास. समोरच्या दर्शनी भिंतीला हवा तो निळा, गुलाबी, पोपटी रंग द्या, पश्चिमेची मात्र पांढरी ठेवा. तिच्यावर उन्हासाठी वरून छज्जा काढून उपयोग होत नाही, कारण चार वाजताचं ऊन तिरपं येऊन छज्ज्याखालून आत शिरतं. तिथे उभी सावली लागते: दोन हात अंतरावर तुराट्यांची ताटी, वेल चढवलेली जाळी किंवा थोडं लांब कडुनिंब. नकाशातच कोठार, जिना, न्हाणी पश्चिमेला ढकलता आली तर ऊन त्या भिंतीवर थांबतं आणि झोपायची खोली वाचते.

घरकुलवाल्यांसाठी वेगळं सांगायला हवं. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागात किमान २५ चौरस मीटरचं घर धरलेलं आहे आणि सपाट भागासाठी मूळ मदत १ लाख २० हजार रुपये. एवढ्यात एएसी आणि एक्सपीएस बसत नाही, हे उघड आहे. त्यांनी एवढं करावं: झोपायची खोली पश्चिमेला ठेवू नये, पश्चिमेला खिडकी काढू नये, तेवढी एक भिंत तरी चार इंची न ठेवता नऊ इंची करावी, गच्ची आणि ती भिंत चुन्याने पांढरी ठेवावी आणि ताटी बांधावी. यात जास्तीचा खर्च होतो तो जवळपास एका भिंतीच्या विटांचा.

दुहेरी भिंत करायचं ठरलं तर ते पाया खणण्याआधी ठरवा. साडेचार, दोन आणि साडेचार मिळून अकरा इंच होतात. नऊ इंची भिंतीसाठी टाकलेल्या प्लिंथ बीमवर ती भिंत बसत नाही, दोन इंच बाहेर लोंबते. ठेकेदार चौरस फुटाच्या सरसकट भावाने काम घेतो, म्हणून कोणत्या बाजूची भिंत किती जाडीची, पोकळीत काय भरायचं, बांधायच्या पट्ट्या किती अंतरावर आणि स्लॅबवर कोणता थर, हे सगळं कागदावर लिहून त्याची सही घ्या आणि बीमची रुंदी नकाशावर इंचात टाकून घ्या.